टर्बोची ताकद आणि इंधनाचे गणित

ठाणे, प्रतिनिधी

कल्याण-शीळ रस्त्याच्या कोंडीत निमूट चालणारी मोटार कसारा किंवा माळशेज घाटाच्या चढणीवर अकस्मात निकामी होऊ शकते. टर्बोचार्जरचा दाब वाढवून मोटारीची शक्ती वाढविण्याची हौस अनेकांना असते. मात्र, इंधनपंप आणि इंजेक्टर जुनेच ठेवले, तर ही हौस थेट इंजिनाच्या जिवावर बेतते.

टर्बोचार्जर हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा वाढली, की पेट्रोलही वाढावे लागते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला एका किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. टर्बो पूर्ण जोरात असताना तापमान आवरण्यासाठी हवेचे हे प्रमाण १२च्या आसपास ठेवले जाते. पेट्रोल कमी पडले, तर मिश्रण अवेळी पेटते, इंजिनातून खडखड ऐकू येते आणि प्रसंगी पिस्टन वितळतो. कोंडीत इंजिनावर पूर्ण भार येत नसल्याने हा दोष लपून राहतो.

पेट्रोलवरील टर्बो इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७५ ग्रॅम इंधन लागते, असा ठोकताळा आहे. म्हणजे २०० अश्वशक्तीसाठी तासाला ५५ किलो, अर्थात सुमारे ७४ लिटर. चार सिलिंडरांत ते विभागले, तर प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला ३१० मिलिलिटर येतात. इंजेक्टर उपलब्ध वेळेच्या ८० टक्क्यांहून अधिक काळ उघडा राहू नये, हा संकेत पाळल्यास त्याची क्षमता ३९० मिलिलिटर हवी.

देशात आता २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल विकले जाते. त्याची ऊर्जा कमी असल्याने हाच हिशेब तासाला ८० लिटर आणि प्रति इंजेक्टर सुमारे ४२० मिलिलिटरवर जातो. मात्र, गरजेपेक्षा फार मोठे इंजेक्टरही उपयोगाचे नाहीत. कोंडीत इंजिन मंद चालत असताना त्यांना अत्यल्प पेट्रोल अचूक मोजून सोडता येत नाही आणि गाडी अडखळते.

पंप निवडताना २५ टक्के राखीव धरून तासाला १०० लिटरची क्षमता पाहावी. पण ती कोणत्या दाबाला, हे महत्त्वाचे. मूळ दाब ३ बार आणि टर्बोचा १ बार असेल, तर पंपाला ४ बारवर काम करावे लागते. दाब वाढला, की पंपाचा पुरवठा घटतो. वायरिंग कमकुवत असल्यास तो आणखी घटतो. केवळ दाब वाढवून लहान इंजेक्टर मोठा होत नाही. दाब दुप्पट केला, तरी प्रवाह सुमारे ४१ टक्केच वाढतो.

चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयसारख्या मोटारींत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते. तिथे टाकीतील पंपाखेरीज इंजिनावर उच्च दाबाचा दुसरा पंप असतो. त्यामुळे दोन्ही पंपांची क्षमता तपासावी लागते. भाग बदलल्यानंतर इंजिनाच्या संगणकातील नोंदीही बदलाव्या लागतात.

कायद्याची बाजूही विसरता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी कागदावरचे गणित आणि नोंदणीपुस्तक दोन्ही तपासलेले बरे.