फोटो काढले हजार, सापडेल का एक?

तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता किती फोटो आहेत? बघायचं नाही, नुसता अंदाज सांगा. चार हजार? दहा हजार? ओके. आता दोन मिनिटांत आजीचा एक फोटो शोधून दाखवा. एकटीचा, स्पष्ट, कॅमेऱ्याकडे बघून हसणारा.

स्क्रोल करून बोट दमलं ना?

रोलच्या कॅमेऱ्यात फोटो असायचे छत्तीस. एकेक क्लिक मोजूनमापून. धुऊन आलेले फोटो अल्बममध्ये आणि अल्बम गोदरेजच्या कपाटात. आता क्लिक फुकट झालं आणि आवराआवर राहूनच गेली. मग घरातलं कुणी अचानक जातं, हार घालायला फोटो लागतो आणि अख्खं घर कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा क्रॉप करत बसतं. तोही व्हॉट्सॲपवरून आलेला, म्हणजे आधीच दाबून लहान केलेला. मोठी प्रिंट काढली की चेहरा धुरकट!

‘क्लाउडवर आहेत की!’

हे उत्तर ठरलेलं. पण जरा मागे वळून बघा. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. फोटो लावायला सगळ्यांचं लाडकं असलेलं पिकासा गूगलने २०१६ मध्ये गुंडाळलं. फ्लिकरने २०१३ मध्ये एक टेराबाइट जागा फुकट दिली आणि २०१९ मध्ये फुकटवाल्यांची मर्यादा हजार फोटोंवर आणली. मायस्पेसने तर २०१९ मध्ये सांगून टाकलं, की सर्व्हर बदलताना जुने फोटो आणि गाणी गेली. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवणही १ जून २०२१ पासून संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी फुकट, आयक्लाउडवर ५ जीबी. थोडक्यात काय, क्लाउड म्हणजे भाड्याची खोली. राहा मजेत, पण सगळं सामान तिथेच ठेवू नका.

आणखी एक गोची. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे! गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ॲपमधून उडवलात, की तो फोनवरून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस असतो, मग कायमचा राम राम. फोनमध्ये जागा हवी असेल तर ॲपमधला जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय वापरा.

एक वीकएण्ड काढाच

आधी गोळा करा. जुना फोन, पेन ड्राइव्ह, ताईचा कॅमेरा, सगळं एका कॉम्प्युटरवर आणा. चेहरा ओळखून फोटो शोधणारी ॲप्स आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत ते फोटो ती कुठून शोधणार? आणि ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये घरचे फोटो असतील तर आजच हलवा. राजीनाम्यानंतर लॅपटॉप परत जातो, फोटोंसकट.

मग छाटा. गुड मॉर्निंगची फुलं, पार्किंगच्या खांबाचे नंबर, एकाच पोझचे सात फोटो... बिनधास्त डिलीट!

आता नावं द्या. वर्षाचं एक फोल्डर, त्यात ‘२०२४-०५-१२ दादाचं लग्न’ अशी उपफोल्डर्स. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कॉम्प्युटर ती आपोआप ओळीने लावतो. नातेवाइकांकडून फोटो घेताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ क्वालिटी टिकते आणि फोटो कधी काढला ही फाइलमधली नोंदही.

तीन-दोन-एक

अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोघ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम पाठ करून टाका. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे एक कॉम्प्युटरवर, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. हार्ड डिस्कही कधीतरी मरते, म्हणून एकटीच्या भरवशावर राहू नका. जमलं तर दुसरी डिस्क गावच्या घरी ठेवा आणि दर दिवाळीला जाताना नवे फोटो भरा. चोरी, आग, पूर, काहीही झालं तरी दोन्ही घरं एकदम सापडणार नाहीत. जे फोटो फक्त गूगलवर आहेत, ते गूगल टेकआउट वापरून उतरवून घेता येतात.

बाबांचं जुनं जीमेल अकाउंट मधूनमधून उघडायला विसरू नका. दोन वर्षं न वापरलेलं पर्सनल अकाउंट गूगल फोटोंसकट डिलीट करू शकतं. हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आणि हो, एवढं सगळं झालं की वर्षातले वीस बेस्ट फोटो निवडा आणि चक्क प्रिंट काढा. त्या अल्बमला ना चार्जिंग लागतं, ना पासवर्ड. आजीला तर तोच आवडेल!