क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय? फी भरण्याआधी एवढं तपासा

बारावीचा निकाल लागला की पालक शाळेत येऊन विचारतात, "मुलगी म्हणते सायकॉलॉजी घेते. पुढे त्याचं काय होतं?" प्रश्न रास्त आहे. सायकॉलॉजी शिकणं आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न कळल्यामुळे घरातला पैसा आणि मुलांची वर्षं, दोन्ही वाया जातात.

सायकॅट्रिस्ट वेगळा, सायकॉलॉजिस्ट वेगळा

सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. तो औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही. तो पेशंटशी बोलून माहिती घेतो, बुद्धिमत्तेच्या आणि स्वभावाच्या चाचण्या करतो, आजार ओळखायला मदत करतो आणि सायकोथेरपी देतो. पुष्कळदा एकाच पेशंटला दोघांचीही गरज असते. या कामासाठी बारावीला सायन्स पाहिजे असं नाही. आर्ट्सची मुलंही सायकॉलॉजीत बी.ए. करू शकतात.

वाट किती लांब?

बी.ए. तीन वर्षं (नव्या धोरणात ऑनर्स घेतलं तर चार), मग सायकॉलॉजीत एम.ए. किंवा एम.एस्सी. दोन वर्षं. इथंच बरेचजण चुकतात. नुसत्या साध्या एम.ए.वर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात याची व्याख्याच दिली आहे. त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, या संस्थेची मान्यता असलेलं क्लिनिकल शिक्षण लागतं. आजवरचा नेहमीचा मार्ग होता दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं, पण या विषयाला यूजीसीने 2025-26 पर्यंतच्या प्रवेशांसाठी सवलत दिली होती. म्हणून आता प्रवेश घेताना जुन्या सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. त्या वर्षी कोणता अभ्यासक्रम मान्य आहे ते स्वतः बघा.

साय.डी. आणि पीएच.डी.

नावापुढे 'डॉ.' लागतं म्हणून दोन्ही सारख्याच वाटतात. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. एखाद्या विषयावर प्रबंध लिहून ती मिळते. तेवढ्यावर पेशंट बघायचा परवाना मिळत नाही. साय.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट आहे. एम.ए.नंतर साधारण चार वर्षं, आणि त्यात संशोधनाबरोबर प्रत्यक्ष पेशंटवरचं काम असतं. अर्थात तिलाही आरसीआयची मान्यता हवीच.

एवढी वर्षं कशासाठी?

कारण हे काम पुस्तक वाचून येत नाही. शिकाऊ विद्यार्थी वॉर्डात आणि ओपीडीत बसतो, पेशंटची पूर्ण हकीकत लिहितो, चाचण्या घेतो, आणि प्रत्येक केस आपल्या सुपरवायझरपुढे मांडतो. कुठं चुकलं, कुठला प्रश्न विचारायचा राहिला, आत्महत्येचा धोका कसा ओळखायचा, हे तिथं कळतं. हे काम पत्राचारानं किंवा मोबाइलवरच्या तीन महिन्यांच्या डिप्लोमानं होत नाही.

बेंगळुरूचं निमहान्स आणि रांचीचं सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकॅट्री ही या शिक्षणाची जुनी, नावाजलेली ठिकाणं. आपल्या राज्यात पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. जागा थोड्या असतात, प्रवेश परीक्षा असते. काही सरकारी संस्थांत विद्यावेतन मिळतं. खासगीत फी मोठी असते.

फी भरण्याआधी

- आरसीआयच्या वेबसाइटवर संस्थेचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव शोधा. कॉलेजला मान्यता असली तरी त्या कोर्सला असेलच असं नाही.
- मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे ते बघा.
- हा कोर्स झाल्यावर आरसीआयच्या रजिस्टरमध्ये कोणत्या नावानं नोंद होईल ते लेखी विचारा.
- दूरशिक्षणातून एम.ए. करणार असाल तर पुढच्या संस्थेच्या अटी आधी वाचा.

नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं आरसीआय कायद्यानुसार गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपलं माणूस दाखवायला नेताना आपणही नोंदणी क्रमांक मागावा. त्यात उद्धटपणा काही नाही.

आपल्या मुलांची गरज का?

आपल्या घरातल्या बाया डॉक्टरला 'डिप्रेशन आहे' असं सांगत नाहीत. त्या म्हणतात, "दिल घबराता है, जी नहीं लगता." कुणी म्हणतं असर झालाय, कुणी म्हणतं नजर लागली. दुआ जरूर करावी, पण इलाजही करावा. समोर बसलेल्याला ही बोली आणि घरची रीत कळत असेल तर बाई मोकळी बोलते, नाहीतर अर्ध्यावरच गप्प होते.

अठराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी पंचवीस-सत्तावीसची होईपर्यंत शिकत राहणार. नातेवाईक लग्नाचं विचारणारच. घरच्यांनी आधीच ठरवलं की ही वर्षं तिला द्यायची, तरच हे शिक्षण पुरं होतं. अर्ध्यात सोडलेल्या एम.ए.वर दवाखान्याची पाटी लावता येत नाही.

आणि आज कुणाच्या घरी त्रास असेल तर मुलं शिकून येईपर्यंत थांबू नका. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे. नंबर 14416.