गोरेपणाची डबी

कशेळ्याच्या आसपासच्या गावांतून आणि वाड्यांवरून शाळकरी मुली चेहऱ्यावरचे फोड दाखवायला माझ्याकडे येतात. ‘काय लावतेस?’ असे विचारले की मान खाली जाते आणि हळूच एक डबी पुढे येते. ‘पहिला महिना गोरी दिसत होते, डॉक्टर. आता उन्हात आग होते.’

अशा मलमांत बरेचदा स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, पुटकुळ्या आणि लव वाढते. मलम थांबवले की त्रास उसळतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. 2018 साली सरकारने अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, तरी ती मिळतातच.

काही क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून रक्तात जातो व मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे क्रीममुळे बिघडल्याची बातमी 2023 साली आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला. सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायांवर सूज, लघवीला फेस ही लक्षणे दिसताच लघवी तपासून घ्यावी.

वास्तविक आपला रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे असतो. ते उन्हापासून आपले रक्षण करते. ते किती असावे हे आईवडिलांकडूनच येते. तो रोग नव्हे, मग औषध कशाला?

पण नुसती डबी फेकून भागत नाही. ‘काळी आहे, हिचं कसं व्हायचं?’ हे पाहुण्यांसमोर बोललेले वाक्य मुलीच्या मनात वर्षानुवर्षे राहते. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ काढला. आपल्या घरातून मात्र तो शब्द अजून गेलेला नाही.

आयांनो, मुलगी फोटोला उभी राहत नसेल, जेवण टाळत असेल, शाळेला जायला कुरकुरत असेल, तर रागावू नका. जवळ बसवून विचारा. तिच्या रंगावर कोणी बोलले तर तिच्यादेखत त्याला थांबवा. ‘जगावंसं वाटत नाही’ असे ती म्हणाली तर थट्टेवारी नेऊ नका. तिला एकटी न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा. 14416 या टेलिमानस क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मोफत सल्ला मिळतो.

आणि येताना ती डबीही घेऊन या.