पूर्व आफ्रिकेचा पहिला प्रवास : तयारीचा क्रम

उज्जैन नगरीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ नावाची वस्ती आहे. कापडावर मेणाचा लेप देऊन बटिकची छपाई करणाऱ्या कारागिरांमुळे तिचे नाव दूरवर पोहोचले आहे. या वस्तीत राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाशी प्रस्तुत लेखकाचा अनेक वर्षांचा घरोबा आहे. त्यांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त केनियाची राजधानी नैरोबी येथे स्थायिक झाला. तेथे त्याला पुत्रलाभ झाला, आणि नातवाच्या बाप्तिस्म्याला आजी-आजोबांनी यावे म्हणून त्याने मोठ्या हौसेने मे महिन्याची दोन तिकिटे काढून पाठविली. तिकिटे हाती आली तेव्हा पीतज्वराच्या लशीचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. पुढे तो विषय निघाला, तेव्हा आजींचे वय सहासष्ट असल्यामुळे डॉक्टरांनी लस देण्यापूर्वी काही तपासण्या करून घेण्यास सांगितले. तपासण्यांचे निष्कर्ष येईपर्यंत लसीकरणाचा ठरलेला वार टळला, आणि त्यापाठोपाठ प्रवासाचा दिवसही टळला. बाप्तिस्म्याचा विधी आजी-आजोबांविना पार पडला.

या प्रसंगात कोणाचाही हलगर्जीपणा नव्हता. चुकला तो केवळ तयारीचा क्रम. आपल्याकडे प्रवास म्हटला की प्रथम तिकीट, मग सामान आणि शेवटी औषधपाणी अशी रीत आहे. काशी-रामेश्वरास ती चालते. पूर्व आफ्रिकेस जाताना ती नेमकी उलटी करावी लागते. प्रथम पारपत्र, मग लस, मग ऋतूचा विचार, मग प्रवेशाची परवानगी आणि त्यानंतर तिकीट. आपल्या मंडळ्यांतील अनेक कुटुंबांची मुले आज नैरोबी, दार-ए-सलाम, कंपाला येथे आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांना उपयोग व्हावा या हेतूने हे विवेचन केले आहे.

पारपत्र आरंभी का, तर पुढील प्रत्येक कागदावर त्याचा क्रमांक आणि त्यातील नाव जसेच्या तसे यावे लागते. पोहोचण्याच्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने त्याची मुदत शिल्लक असावी व काही पाने कोरी असावीत. आपल्या लोकांत नावाच्या अक्षरांचा घोळ फार. एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये, दुसऱ्यावर ते गळलेले, तिसऱ्यावर आडनाव आधी! हा घोळ घरी निस्तरता येतो. विमानतळावर निस्तरता येत नाही.

आता लशीविषयी थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. पीतज्वर हा डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग असून आफ्रिकेच्या व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत तो आढळतो. भारतात हा रोग नाही. मात्र तो पसरविणारा डास आपल्याकडे विपुल आहे. एखादा बाधित प्रवासी येथे उतरला आणि त्याला येथील डास चावला तर काय होईल, या भीतीपोटी भारत सरकारचे नियम अतिशय कडक आहेत. केनिया, युगांडा, इथिओपिया यांसारख्या देशांतून ग्राह्य प्रमाणपत्राविना परतणाऱ्या प्रवाशास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते, मग तो भारतीय नागरिक असला तरीही. प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते ते लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी. एकदा मिळालेले प्रमाणपत्र मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालते. दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावे लागते ही जुन्या प्रवाशांकडून ऐकू येणारी माहिती आता लागू नाही.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांतच ती टोचली जाते, आणि एका कुपीत अनेकांची मात्रा असून उघडलेली कुपी ठेवता येत नसल्यामुळे पुष्कळ केंद्रांत आठवड्यातील ठरावीक वारीच, आगाऊ नोंदणी करून बोलावतात. जाताना मूळ पारपत्र न्यावे. लशीतील विषाणू क्षीण केलेला असला तरी जिवंत असतो. म्हणून साठी उलटलेल्या व्यक्ती, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, अंड्याचे वावडे असणारे आणि रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी आपल्या डॉक्टरांचा विचार घेतल्याविना ही लस घेऊ नये. भैरवगढच्या आजींना थांबविणाऱ्या डॉक्टरांनी आपले कर्तव्यच केले. सारांश, वृद्ध मंडळींनी निघण्यापूर्वी निदान दोन महिने या कामास लागावे. पिवळ्या मुखपृष्ठाची ती लहानशी पुस्तिका पारपत्राबरोबर हातातल्या पिशवीत ठेवावी. मोठ्या पेटीत कदापि नाही.

ऋतूच्या बाबतीत आपल्या लोकांचा हमखास घोटाळा होतो. आपली दीर्घ सुटी मे महिन्यात. आणि केनिया व उत्तर टांझानियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. ऑक्टोबर ते डिसेंबर या अवधीत दुसरा, लहान पाऊस येतो. जून ते सप्टेंबर हे महिने कोरडे असतात, परंतु कोरडे म्हणजे उष्ण असे मानू नये. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही उंच. जुलैच्या पहाटे तेथे स्वेटर आणि कानटोपी लागते. आफ्रिका म्हणजे भट्टी, या समजुतीने मलमलीचे सदरे घेऊन गेलेल्यांना पहिल्याच सकाळी मुलाची शाल मागावी लागते! याउलट मोंबासाच्या किनाऱ्यावर रत्नागिरीसारखा दमट उकाडा असतो. मसाई मारा अभयारण्यात वन्य पशूंचे मोठे स्थलांतर सामान्यतः जुलै ते ऑक्टोबर या काळात दिसते. मात्र तेथील प्रवेशशुल्क परदेशी प्रौढासाठी २०२४ च्या जुलैपासून वर्षाच्या उत्तरार्धात दिवसाला २०० डॉलर व पूर्वार्धात १०० डॉलर असे झाले आहे, हे मुलाच्या खिशाकडे पाहून ध्यानात घ्यावे.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाची जुनी पद्धत बंद करून संगणकावरून आगाऊ घ्यावयाची प्रवासपरवानगी सुरू केली. टांझानियासाठी स्वतंत्र ई-व्हिसा घ्यावा लागतो, आणि झांझिबार बेटावर जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथील विमा घेणे बंधनकारक आहे. अर्ज त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा. तत्सम नावांची दुप्पट पैसे घेणारी दुकाने पुष्कळ आहेत. मुलाकडे उतरणाऱ्यांनी त्याचे निमंत्रणपत्र आणि तेथील पत्ता छापील स्वरूपात जवळ ठेवावा. विमानतळावरील अधिकारी तोच विचारतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मोबाइल बंद पडलेला असतो.

एवढे झाल्यावर तिकीट काढावे. उज्जैनहून रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठता येते, किंवा सुमारे ५५ किलोमीटरवरील इंदूरहून विमानाने जाता येते. कसेही गेले तरी मुंबईस एक दिवस आधी पोहोचावे. तेथून नैरोबीचे थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचते. तेथील घड्याळ आपल्यामागे अडीच तास चालते. मात्र आणखी एक गंमत आहे. स्वाहिली बोलणारे लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘एक’ वाजला. शुभवर्तमानातील ‘तिसरा तास’, ‘नववा तास’ समजावून सांगताना वर्गात आपल्याला आकृत्या काढाव्या लागतात. मोंबासातील शाळकरी पोर ते सहज सांगेल. तेव्हा कोणी स्वाहिलीतून भेटीची वेळ दिली तर ती कोणत्या हिशेबाने, हे विचारून घ्यावे.

सामानात प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियाने १ जून २०१९ पासून त्यांवर बंदी घातली आहे, व दंड जबर आहे. चिवडा, चकल्या, मेतकूट यांसाठी डबे किंवा कापडी पिशव्या वापराव्यात. रोपे, बियाणे, ताजी फळे नेऊ नयेत. डाळ-तांदूळ, हळद-हिंग यांची चिंता करण्याचे कारण नाही. मोंबासा ते किसुमू हा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला तो हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२००० मजुरांच्या श्रमावर. त्यांतील सुमारे २५०० तेथेच मृत्यू पावले. व्यापारी, कारकून, कारागीर यांच्या रूपाने स्थिरावलेल्या भारतीय समाजामुळे आपले सर्व वाणसामान तेथे मिळते. भेट म्हणून भैरवगढची बटिकची चादर मात्र अवश्य न्यावी. मेणाची छपाई तेथील बाजारातही दिसते, आणि चहूबाजूंनी किनार व खाली स्वाहिली वाक्य छापलेले ‘कांगा’ हे वस्त्र स्त्रियांच्या अंगावर घरोघरी असते. त्यामुळे कापडाची पारख करणाऱ्या हाती आपली वस्तू पडते.

पैशांविषयी थोडक्यात. भारतीय रुपया तेथे सहज बदलून मिळेल असे धरू नये. थोडे डॉलर, तेही नव्या छपाईचे, न मळलेले व न फाटलेले न्यावेत. नित्य व्यवहार मोबाइलवरून चालतो. २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही पद्धत भाजीवालीपासून शाळेच्या फीपर्यंत रुळली आहे. नित्याची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्यावीत.

भाषेची भीती बाळगू नये. ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘चाय’, ‘चपाती’, ‘साबुनी’, ‘हेसाबु’, ‘सेरिकाली’ हे शब्द ऐकताच ओळखीचे वाटतात. ‘हाबारी’ म्हणजे खबर, आणि तेथील अभिवादनच हे की ‘काय खबर?’. ते केल्याविना दुकानात भावही विचारू नये, अशिष्टपणा मानतात. नातेसंबंधांच्या शब्दांत मात्र जपावे. तेथे ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे भाऊ, आणि ‘दादा’ म्हणजे चक्क बहीण! भैरवगढच्या आजोबांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

वेळ काढून मोंबासास जाणे झाले तर शहराला लागून असलेले फ्रिअरटाउन पाहावे. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात मुंबईस आणले जाई. त्यांपैकी अनेकांना नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने शिक्षण व हातचे उद्योग दिले. ‘नाशिकची मुले’ या नावाने ती ओळखली जात. डॉ. लिव्हिंग्स्टनचे शव १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत नेणारा जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच. १८७५ मध्ये मुक्त गुलामांसाठी ही वसाहत स्थापन झाली. तिला मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव मिळाले, आणि नाशिकच्या या विद्यार्थ्यांपैकी काही तेथे शिक्षक व सेवक झाले. गुलामांचे व्यापारी येत असल्याचा इशारा देणारी घंटा आजही तेथे उभी आहे. आपल्या प्रांतातून पूर्व आफ्रिकेस गेलेल्या आरंभीच्या प्रवाशांत या मुलांची गणना करावी लागेल, जरी त्यांच्या दृष्टीने तो प्रवास जाण्याचा नसून परतण्याचा होता.

अखेरीस हिवतापाविषयी. नैरोबी शहरात उंचीमुळे त्याचा धोका अल्प आहे. परंतु मोंबासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर येथे तो मोठा असून तेथील प्रकार प्राणघातक ठरू शकतो. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या हे डॉक्टरांनी ठरवावे. काही गोळ्या निघण्यापूर्वी एकदोन दिवस, तर काही दोनतीन आठवडे आधी सुरू कराव्या लागतात, आणि परतल्यावरही सात दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत त्या चालू ठेवायच्या असतात. घरी पोहोचताच त्या सोडून देणे ही नेहमीची चूक होय. परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर त्यास हवापालट किंवा प्रवासाचा शीण समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन, आपण आफ्रिकेहून आलो आहोत हे प्रथम सांगावे व रक्त तपासून घ्यावे.