गार झाली की चालू होणारी गाडी

मार्चचं ऊन आणि उसाचा हंगाम एकत्र आला की बारामती-इंदापूर रस्ता ट्रॅक्टरच्या ताब्यात जातो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे, आणि त्यांच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाड्या. अशाच रांगेत, वालचंदनगरकडे वळायला जंक्शन जवळ आलं असताना आमची पेट्रोल गाडी एकाएकी गप्प झाली. आचका नाही, आवाज नाही, आधी कुठला दिवाही लागला नाही. कडेला ढकलली, रसवंतीवर अर्धा तास बसलो, चावी फिरवली, तर पहिल्या झटक्यात चालू! पुढच्या महिनाभरात असं आणखी तीनदा झालं. दर वेळी गॅरेजात पोहोचेपर्यंत गाडी ठणठणीत, आणि स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही.

शेवटी एका मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधीच विचारलं, "गाडी बंद पडून नुसती गडगडत होती, तेव्हा आरपीएमचा काटा कुठं होता?"

काटा शून्यावर होता. गाडी मात्र गिअरमध्ये होती आणि क्लच दाबलेला नव्हता. म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होती. इंजिन फिरतंय आणि काटा म्हणतोय फिरत नाही! त्या एका उत्तराने संशय क्रँक सेन्सरवर आला.

बोटाएवढी ही वस्तू काय काम करते ते कळल्यावर मी थक्क झालो. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चक्र असतं. अनेक गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते, पण मुद्दाम दोन दाते गाळलेले असतात. सेन्सर साधारण एक मिलिमीटर अंतरावरून, स्पर्श न करता, समोरून जाणारा प्रत्येक दाता टिपतो. रिकामी जागा आली की इंजिनाच्या कॉम्प्युटरला फेऱ्याची खूण मिळते आणि तिथून तो मोजणी धरतो. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात, म्हणजे ५८ दात्यांचे २,९०० ठोके. पेट्रोल कधी फवारायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं या ठोक्यांवर ठरतं.

आणि ठोके थांबले तर? कॉम्प्युटरच्या हिशेबी इंजिनच थांबलं. थांबलेल्या इंजिनात पेट्रोल सोडायचं नसतं, म्हणून तो पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडतो. त्याच्या लेखी काहीच चुकलेलं नसतं, मग बऱ्याचदा तो कोडही नोंदवत नाही. स्कॅनर रिकामा येण्याचं कारण हेच.

वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्या कंपनीच्या पद्मिनी गाडीत ठिणगीची वेळ साधण्याचं काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करत. ते झिजले, काजळले तर डोळ्यांना दिसत. पॉलिश पेपरने घासले की गाडी पुढे. आताचा दोष प्लॅस्टिकच्या आत बंद असतो.

आमच्या सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे असंख्य वेढे होते. त्यात कुठेतरी तार तडकलेली. गार असताना तिची टोकं एकमेकांना टेकून राहत. इंजिनाची धग लागली की प्लॅस्टिक आणि तांबं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि टोकं सुटतात. सुटलेलं अंतर डोळ्यांना दिसणारही नाही, पण विजेच्या दृष्टीने पूलच कोसळलेला. अर्ध्या तासाने सगळं आकसतं, टोकं पुन्हा टेकतात, गाडी चालू.

मिस्त्रींनी हाच उन्हाळा टेबलावर उभा केला. सेन्सर काढला, मल्टिमीटरला जोडला आणि त्यावर गरम हवेची गन धरली. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, त्यामुळे आकडा हळूहळू चढणं अपेक्षितच होतं. तो चढत गेला, चढत गेला, आणि एका क्षणी मीटरने सर्किट तुटल्याची खूण दाखवली. गार पाण्याचं फडकं लावलं. काही क्षणांत आकडा परत! महिनाभर लपून बसलेला दोष त्यांनी हवा तेव्हा बोलावला आणि हवा तेव्हा घालवला. ते पाहताना मला वालचंदनगरच्या कारखान्याची आठवण झाली. तिथे इस्रोच्या रॉकेटसाठी मोटारींची पोलादी कवचं बनतात. अशा कवचाचीही नुसती नजरेने पारख होत नाही, आत दाब भरूनच ते पारखावं लागतं.

दर वेळी सेन्सरच दोषी असतो असं नाही. कपलरमधल्या पिना थरथरीने घासून त्यांवर ऑक्साइडचा थर धरतो, अर्थिंग सैल होतं, उसाच्या पट्ट्यात तर उंदीर वायरिंग कुरतडतात. म्हणून नवा सेन्सर घेण्याआधी, इंजिन चालू ठेवून जुन्या सेन्सरची वायर हलवून बघायला मिस्त्रींना सांगावं.

तुमची गाडी अशी बंद पडली तर ती सुरक्षित कडेला घ्या; इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, हे ध्यानात असू द्या. मग लिहून ठेवा: काटा कुठे होता, किती किलोमीटर चालली होती, किती मिनिटांनी परत चालू झाली. आणि कोड असेल तर तो पुसण्याआधी, बॅटरीची वायर काढण्याआधी, स्कॅनरवर वाचून घ्या. कोड पडला त्या क्षणीचा आरपीएम, वेग आणि इंजिनाचं तापमान बऱ्याच गाड्या सोबत जपून ठेवतात, आणि कोड पुसला की तेही पुसलं जातं.