कसोटीला न दिसणारी झीज
जुने सोन्याचे मनगटी घड्याळ उजळलेले आहे का, हे ओळखण्याविषयी

सराफाकडे सोने पारखण्याची दोन साधने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत: कसोटीचा दगड आणि काटा. दगडावर ओढलेली रेघ कस सांगते, काटा वजन सांगतो. बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या सराफ्यात एखादे जुने सोन्याचे मनगटी घड्याळ नेले, तर त्याचे मोल याच दोन आकड्यांवर ठरते. पण यंत्राभोवतीची सोन्याची डबी कारखान्यातून निघाली त्याच रूपात आहे, की मधल्या साठ-सत्तर वर्षांत ती घासून, उजळून नवी केलेली आहे, हे या साधनांना कळत नाही. उजळल्यानंतरही कस तोच राहतो, आणि डबीचे मूळ वजन घरात कुणी लिहून ठेवलेले नसते. उत्तर शोधायचे ते भिंगाने आणि धीराने.

हा प्रश्न केवळ शहरी शौकिनांचा नाही. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखली जाई आणि तिथे घोडदळाची छावणी होती. स्विस घड्याळे विकणाऱ्या वेस्ट एंड वॉच कंपनीच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नाव ‘सोवार’, म्हणजे घोडेस्वार, असे होते. फाव्र-लूबा हे नावही मुंबईच्या बाजारात एकोणिसाव्या शतकापासून रुळलेले. पुढे १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळे बनू लागली. वकील, शिक्षक, अडते, अधिकारी यांच्या घरांत अशी घड्याळे लग्नात, बढतीला, सेवानिवृत्तीला आली. त्यांतली थोडी अस्सल सोन्याची होती, पुष्कळशी सोन्याचा मुलामा दिलेली. आज ती विकायला निघतात तेव्हा घरच्यांना हमखास सल्ला मिळतो: “आधी पॉलिश करून आणा, किंमत वाढेल.” दागिन्याच्या बाबतीत तो चालेल. संग्राहकाच्या बाजारात मात्र त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. तिथे न उजळलेल्या डबीला अधिक मोल आहे, कारण उजळणे मागे घेता येत नाही.

पॉलिश म्हणजे चमक चढवणे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पॉलिश म्हणजे धातू काढणे. ओरखडा नाहीसा करायचा तर त्याच्या भोवतालचे सोने ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवावे लागते. फिरत्या बफवर लाल मसाला लावून डबी धरली, की सोन्याचा अतिसूक्ष्म थर निघतो. तो दुकानाच्या धुळीत जातो, आणि ती धूळ धुऊन झारेकरी त्यातले सोने काढतो. सोने वाया जात नाही, पण घड्याळावर परतही येत नाही. सोनाराने घडवलेली पाटली सोनार पुन्हा घडवू शकतो. ठशात दाबून काढलेल्या डबीची मूळ धार बफला पुन्हा आणता येत नाही.

तपासणीचे सूत्र एकच आहे. वापराची झीज वापराच्या जागी असते, पॉलिशची झीज सर्वत्र असते. शर्टाची बाही जिथे घासते, डबी टेबलावर जिथे टेकते, मागचे झाकण मनगटाला जिथे लागते, तिथे सोने गुळगुळीत होणारच. पण हात किंवा कापड जिथे कधी पोचत नाही, तिथलीही कड गोल झालेली दिसली, तर ते काम बफचे. म्हणून प्रत्येक वेळी उघड्या जागेची झाकलेल्या जागेशी तुलना करावी.

सुरुवात पट्टा अडकवायच्या चार शिंगांपासून करावी. चारही शिंगे समोरून, बाजूने आणि मागून पाहावीत. त्यांची जाडी, टोके आणि उतार एकमेकांशी जुळतात का? कारखान्यात ती एकसारखी निघालेली असतात. हाताने धरून बफ केली की एखादे बारीक, एखादे बुटके होते. वरचा सपाट पृष्ठ आणि बाजू जिथे मिळतात तिथली रेघ स्पष्ट हवी. ती साबणाच्या वडीसारखी विरघळलेली दिसली तर शंका घ्यावी. शिंगांना आरपार छिद्रे असतील तर त्यांचे तोंड पाहावे. बफ छिद्राच्या काठाला खोलगट करतो, आणि छिद्रापासून शिंगाच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी सारखे राहत नाही. मग पट्टा काढून दोन शिंगांमधली जागा पाहावी. ती पट्ट्याखाली झाकलेली असते आणि बफचे चाक तिथे सहसा पोचत नाही. तिथे कारखान्याच्या बारीक रेषा असतील आणि बाहेर सगळे आरशासारखे असेल, तर बाहेरचे काय झाले ते निराळे सांगायला नको.

दुसरा साक्षीदार म्हणजे शुद्धतेचा ठसा. आपल्याकडे दागिन्यांची हॉलमार्क योजना २०००मध्ये आली, तेव्हा जुन्या घड्याळावर परदेशी ठसेच सापडतात. विसाव्या शतकात १९९५पर्यंत स्विस डबीवर अठरा कॅरटसाठी हेल्वेशिया या स्त्रीचे मस्तक आणि चौदा कॅरटसाठी खार असे इवलेसे ठसे मारत. बर्मिंगहॅमच्या ठशात नांगर असतो. नऊ कॅरटच्या अनेक इंग्लिश डब्यांवर त्याच्या जोडीला ३७५ हा आकडा दिसतो. असे ठसे झाकणाच्या आत असतात, आणि स्विस डबीवर पुष्कळदा बाहेरही, शिंगांच्या मागे किंवा कडेला. आतला ठसा बफपासून सुरक्षित असतो. बाहेरच्या खारीचे कान आणि शेपूट भिंगाखाली वेगवेगळे दिसत असतील, तर डबी फारशी घासलेली नाही. आतली खार स्पष्ट आणि बाहेरचीचा नुसता डाग उरला असेल, तर किती सोने उतरले याचा अंदाज तिथेच येतो. झाकणावर कोरलेले नाव, तारीख आणि क्रमांक यांनाही हीच कसोटी लावावी. अक्षराचा जाड भाग टिकून बारीक टोके पुसली गेली असतील, तर वरचा थर गेलेला आहे.

तिसरी गोष्ट रंगाची. नऊ, चौदा, अठरा कॅरट सोन्यात तांबे-चांदी मिसळलेली असते, म्हणून घाम आणि हवेने ते काळानुरूप किंचित तांबूस, मंद होते. अस्पर्श डबीवर ही छटा खाचांत गडद आणि उंचवट्यांवर फिकट असते. सगळीकडे एकसारखी पिवळी झळाळी आणि कोपऱ्यात लाल मसाल्याचे कण, ही अलीकडच्या पॉलिशची खूण. चावी झिजून तिचे दाते सपाट झालेले आणि डबी मात्र कोरी करकरीत, ही जोडीही जुळत नाही.

मुलाम्याच्या घड्याळाचे गणित अधिक कठोर आहे. ‘२० मायक्रॉन’ असे लिहिलेला थर म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. एखाद्या जोरकस पॉलिशमध्ये तो कोपऱ्यांवर संपतो आणि खालचे पितळ उघडे पडते. मग पुन्हा मुलामा चढवतात. खालचे खड्डे तसेच ठेवून वर नवी चमक दिसली, किंवा ठशाच्या आतही ताजे सोने साचलेले दिसले, तर ते काम दुसऱ्या हाताचे. अस्सल सोन्याच्या डबीवर आता लेझरने सोने भरून नव्या धारा काढता येतात. अशा वेळी कडा अतिशय तीक्ष्ण असतात, पण शेजारचा ठसा पुसट राहतो. भरलेल्या जागी सोन्याची छटाही कधी वेगळी दिसते.

डबीबरोबर तबकडीही पाहावी, कारण अनेकदा दोन्ही एकाच वेळी ‘नव्या’ केल्या जातात. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाड किंवा पसरट असतात, मिनिटांच्या रेघा अंकांशी जुळत नाहीत, खाली ‘स्विस मेड’ ही अक्षरे कडेखाली अर्धवट दडतात किंवा गायबच होतात. बसवलेल्या अंकांच्या पायाशी रंग साचतो.

आपल्या भागात आणखी एक खूण दिसते, ती कसाची. डबीच्या मागच्या कडेवर एखादा छोटा सपाट पट्टा असतो: कधीतरी कुणीतरी ती कसोटीच्या दगडावर घासलेली असते. १९७२च्या दुष्काळासारख्या वर्षांत घरातले सोने सराफाकडे का जाई, हे मराठवाड्यात सांगायला नको. डबी सपाटून उजळली की ही खूणही पुसली जाते. ज्या घराने घड्याळ सराफापर्यंत नेले आणि तरीही न मोडता परत आणले, त्या घराचा तो एकमेव लेखी पुरावा असू शकतो. गांधीजींचे चांदीचे झेनिथ खिशातले घड्याळ मार्च २००९मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांच्या चष्मा, चपला, वाटी-ताटासह १८ लाख डॉलरना गेले. लिलावाआधी ते बफवर चकचकीत करून घ्यावे, असे कुणाला सुचले असते का? घरच्या घड्याळालाही तोच न्याय लावावा.

उजळणे हा गुन्हा नव्हे. आपल्याकडे दिवाळीला तांब्या-पितळेची भांडी घासतात, देव उजळतात. वस्तूची कदर करण्याची ती आपली रीत आहे. ज्याला वडिलांचे घड्याळ रोज हातात घालायचे आहे, त्याने ते चकचकीत केले तर तो त्याचा अधिकार. आक्षेप आहे तो उजळलेले घड्याळ ‘कारखान्यातून निघाले तसे’ म्हणून विकण्याला, आणि घरच्यांना न विचारता ते उजळण्याला. म्हणून घड्याळ दुरुस्तीला देताना चिठ्ठीवरच लिहून घ्यावे: “यंत्र साफ करा, डबीला बफ नको, तबकडीला रंग नको.” देण्यापूर्वी चारही शिंगांचे, ठशांचे आणि झाकणाचे जवळून फोटो काढावेत. घरी साफसफाई करायची तर कोरडे मऊ कापड पुरे. रिठ्याचे पाणी दागिन्याला ठीक, यंत्र आत असलेल्या घड्याळाला मुळीच नको. विकायचे असेल तर आहे तसे दाखवावे, आणि घेणाऱ्याने पट्टा काढून, झाकण उघडून पाहायला मागितले तर राग मानू नये. पारख करणारा गिऱ्हाईक तोच.