ध्वनीची तार घरीच बनवा

संगणक किंवा रेडिओ ध्वनिवर्धकाला साध्या दुपदरी वायरने जोडला, तर गाण्यामागे एक सलग ‘हूं’ असा गुणगुणाट ऐकू येतो. हा येतो कोठून? घरातील विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात. भिंतीतल्या तारांभोवतीचे विद्युतक्षेत्रही तसेच बदलत राहते. आपली वायर हे बदल टिपते आणि ध्वनिवर्धक ते मोठे करतो.

यावरचा उपाय टी.व्ही.च्या केबलमध्ये आहे. ती कापून पाहा. मध्यभागी तांब्याची तार, तिच्यावर पॉलिथिन, त्यावर बारीक तारांची जाळी आणि सर्वांत बाहेर प्लॅस्टिक. तार व जाळी यांचा अक्ष एकच, म्हणून ही समाक्ष म्हणजेच कोअ‍ॅक्सियल केबल. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. धातूच्या पिंजऱ्यात बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरत नाही, हे मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवले होते. केबलची जाळी म्हणजे असाच एक लांबट पिंजरा होय.

दीड मीटर केबल आणि दोन आरसीए प्लग घ्या. जाळी तांब्याचीच हवी. अ‍ॅल्युमिनियमवर नेहमीचे सोल्डर धरत नाही. प्लगची टोपणे आधीच केबलमध्ये ओवा. दोन्ही टोकांची जाळी मोकळी करून पिळा. मधली तार प्लगच्या मधल्या खुंटीला आणि जाळी बाहेरच्या कड्याला सोल्डर करा. कावीया फार वेळ टेकवू नका, पॉलिथिन वितळते. शेवटी मल्टिमीटरने तपासा : तार व जाळी एकमेकींना कोठेही चिकटलेली नसावी. स्टिरिओसाठी अशा दोन केबल लागतील.

ही केबल ७५ ओहमची असते. मग ती ध्वनीला चालेल का? केबलमधून २०,००० हर्ट्झच्या संदेशाची तरंगलांबी सुमारे १० किलोमीटर भरते. तिच्यापुढे दीड मीटर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे ७५ ओहमला येथे महत्त्व उरत नाही. महत्त्व आहे ते धारितेला. आरजी-५९ या प्रकारात ती मीटरला सुमारे ६७ पिकोफॅरड असते. उगमाचा रोध १,००० ओहम असेल, तर दीड मीटर केबलमुळे होणारी घट सुमारे १६ लाख हर्ट्झपाशी जाणवू लागेल. आपला कान २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो! मात्र रोध १०,००० ओहम आणि केबल १० मीटर असेल, तर ही मर्यादा सुमारे २४,००० हर्ट्झवर येते आणि तार स्वर किंचित मंदावतात. म्हणून केबल आखूड ठेवावी. ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र पातळ जाळीने अडत नाही, म्हणून ती ट्रान्सफॉर्मरपासूनही दूर ठेवावी.

महागड्या केबलने आवाज ‘उजळतो’, असे जाहिराती सांगतात. वर्गात ते तपासता येईल. ऐकणाऱ्याचे डोळे बांधा. दोन केबलपैकी कोणती जोडायची, ते दर वेळी नाणे उडवून ठरवा आणि दहा वेळा ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानेही सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. नऊ-दहा आली, तरच फरक खरा मानायचा. विद्यार्थ्यांनी नोंदलेला तक्ता कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह असेल.